गाडीचे अॅव्हरेज वाढवायचे तर बॉनेट सर्वांत शेवटी उघडा

गोव्यात पेट्रोल शेजारच्या दोन्ही राज्यांपेक्षा बहुतेक काळ स्वस्त राहिले आहे. २०१२ साली पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा तर सीमेपलीकडच्या गाड्या टाकी भरायला इकडे यायच्या. त्या स्वस्ताईने एक सवय लावली: गाडी किती पिते हे मोजायचेच नाही. मग कधीतरी "हल्ली अॅव्हरेज देत नाही" असे वाटू लागते, गाडी गॅरेजला जाते, एअर फिल्टर आणि प्लग बदलले जातात, एखादी अॅडिटिव्हची बाटली टाकीत ओतली जाते, बिल होते आणि अॅव्हरेज होते तिथेच राहते.

कारण साधे आहे. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत हवा-पेट्रोलचे प्रमाण संगणक सांभाळतो आणि लहानसहान बिघाड तो झाकून नेतो. चाके जड फिरत असतील तर मात्र त्याला काही करता येत नाही. तो जास्त पेट्रोल सोडतो एवढेच. आणि गोव्यात चाके जड होण्याची कारणे मुबलक आहेत: चार महिने पाऊस, बाराही महिने दमट खारी हवा, खड्डे, आणि दिवसेंदिवस दाराशी उभी राहणारी गाडी. म्हणून तपासणी चाकांपासून सुरू करायची आणि मग इंजिनाकडे यायचे. खालचा क्रम तसाच आहे.

आधी मोजा

डॅशबोर्डवर दिसणारा आकडा पुरेसा नाही. तो इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेला अंदाज असतो आणि बहुतेक गाड्यांत खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दिसतो. टाकी फुल ते टाकी फुल हीच भरवशाची पद्धत.

पंपावर गाडी सपाट जागी उभी करून पेट्रोल भरा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की थांबा. तिथेच ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी निम्म्याहून खाली येईपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा. मग त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लिटर. ४०३ किलोमीटरला २७.४ लिटर लागले तर अॅव्हरेज १४.७. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका; निदान तीन टाक्यांची सरासरी घ्या, कारण कटऑफ दर वेळी नेमका त्याच पातळीला पडत नाही.

कटऑफनंतर "राउंड फिगर करा" म्हणून आणखी पेट्रोल दाबून भरायला लावू नका. हिशोब तर चुकतोच, शिवाय जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये, जाऊ शकते. तो एकदा भिजला की सुटी वाफ इंजिनात खेचली जाते, भरल्यावर लगेच गाडी सुरू करताना त्रास देते आणि पुढे दुरुस्तीचा खर्चही निघतो.

तुलना कंपनीने छापलेल्या आकड्याशी करू नका. तो आकडा ठरावीक चाचणीत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. पणजी-म्हापसा-मडगाव अशा मिश्र वापरात त्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश मिळत असेल तर गाडीत दोष शोधत बसण्याची गरज नाही. तुलना करायची ती स्वतःच्याच गाडीच्या आधीच्या आकड्याशी, आणि शक्य असेल तर त्याच ऋतूतल्या.

किती खर्च करायचा हेही इथेच ठरवून टाका. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे अॅव्हरेज १३ वरून १४.५ वर गेले तर महिन्याला साधारण सव्वासहा लिटर वाचतात. शंभर रुपये लिटर धरले तर सव्वासहाशे रुपये. हा आकडा डोक्यात असला की आठशे रुपयांची बाटली दर महिन्याला ओतावी का, हा प्रश्न आपोआप सुटतो.

हवा

योग्य दाब टायरवर लिहिलेला नसतो. टायरच्या बाजूला कोरलेला असतो तो कमाल दाब. गाडीसाठीचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर असतो, तोही पुढच्या-मागच्या चाकांसाठी वेगळा आणि भरलेल्या-रिकाम्या गाडीसाठी वेगळा. पंपावरचा मुलगा सगळ्या गाड्यांना सरसकट ३० मारतो. तुमच्या कागदावर ३३ असेल तर तीन पीएसआयची तूट घेऊन तुम्ही बाहेर पडता. चारही टायरांत एक पीएसआय कमी म्हणजे इंधनात साधारण ०.२ टक्के तोटा. एवढ्याने काही बिघडत नाही. पण सहा-आठ पीएसआय कमी असलेले टायर सर्रास दिसतात, आणि तिथे इंधनाबरोबर टायरच्या दोन्ही कडाही झिजतात.

दाब थंड टायरवरच पाहायचा. गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा घरापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत पंप असावा. काणकोणहून मडगावला येऊन दाब पाहिलात तर तो तीन-चार पीएसआय जास्तच दिसणार, आणि तो पाहून हवा काढली की थंड झाल्यावर टायर मऊ. स्वतःचा गेज घ्या, काही शे रुपयांत मिळतो, आणि पंधरा दिवसांतून एकदा सकाळी घरीच पाहा. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय जातात. एकाच चाकातून यापेक्षा जास्त जात असेल तर पंक्चरवाल्याकडे साबणाचे पाणी लावून व्हॉल्व्ह आणि रिमची कड तपासून घ्या. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत अलॉय रिमच्या कडेला खाऱ्या हवेने पापुद्रे धरतात आणि टायर तिथे नीट बसत नाही. कड घासून टायर पुन्हा बसवला की गळती थांबते. नायट्रोजनसाठी पैसे मोजू नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. स्टेपनीतली हवा मात्र त्याच वेळी पाहा.

ब्रेक धरून राहतो का

गोव्यातल्या गाड्यांत अॅव्हरेज कमी होण्याचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला किंवा लायनर ड्रमला घासत राहतो. गाडी चालते, फार आवाजही येत नाही, पण इंजिन सतत अर्धवट दाबलेल्या ब्रेकविरुद्ध ओढत असते.

हे होते कसे? डिस्क ब्रेकचा कॅलिपर दोन पिनांवर पुढेमागे सरकतो. या पिनांवरचे रबरी बूट फाटले की खारे पाणी आत जाते, पिना गंजतात, आणि ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मागे सरकत नाही. दुसरे कारण ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषते, आणि इथल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. जुन्या ऑइलमुळे पिस्टन आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. तिसरे कारण पूर्णपणे आपल्या हातातले: पावसात गाडी हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी ठेवणे. मागचे लायनर ओल्या ड्रमला चिकटतात, केबल आत गंजते, आणि हँडब्रेक खाली केला तरी केबल पूर्ण परत जात नाही.

तपासणी घरी होते.

पहिली पद्धत: सपाट मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर गाडी चालवा. शेवटच्या किलोमीटरभर ब्रेक शक्य तितका टाळा, गाडी गिअरवर हळू करत थांबवा. उतरून चारही रिमच्या मध्यभागाजवळ हात न्या, पण थेट डिस्कला लावू नका, भाजेल. डावे आणि उजवे चाक सारखेच कोमट असायला हवे. एक चाक ठळकपणे गरम असेल, जळका वास येत असेल किंवा त्या रिमवर काळी भुकटी जास्त साचत असेल तर ते चाक धरते आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डाव्या-उजव्यात २५-३० अंशांचा फरक दिसल्यावर काम काढावे.

दुसरी पद्धत: कठीण सपाट जमिनीवर गाडी घ्या. चिऱ्याच्या अंगणात किंवा मातीवर जॅक लावू नका, तो रुततो. उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागचे चाक तपासताना गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, चाक उचला आणि हाताने फिरवा. मागचे चाक मोकळे, एक-दोन फेरे सहज फिरले पाहिजे. पुढचे चाक तपासताना हँडब्रेक ओढा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. पॅडची हलकी सरसर ऐकू येईल आणि गिअरबॉक्सच्या ओझ्यामुळे चाक कमी फिरेल, ते चालते. हाताला जोर लावावा लागला तर चालत नाही. चाक उचललेले असतानाच वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. खडखड असेल तर बेअरिंग किंवा स्टिअरिंगचे सांधे. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे बेअरिंग सहा महिन्यांनी घुमू लागणे हे नेहमीचेच. गाडी नुसती जॅकवर असताना तिच्या खाली शिरू नका.

दुरुस्तीत पिना काढून, गंज घासून, ब्रेकसाठीचे सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावायचे असते. गॅरेजात हाताशी असलेले साधे पिवळे किंवा काळे ग्रीस लावू देऊ नका. त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगते आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. दुरुस्ती झाल्यावर दोन महिन्यांत पुन्हा तीच तक्रार आली तर कारण बहुधा हेच. बूट फाटला असेल तर किट बदला, नुसते पुसून बसवू नका. मागच्या ड्रममधली भुकटी साफ करून अॅडजस्टर मोकळा करून घ्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, पुस्तिकेत डॉट ३ की डॉट ४ लिहिले आहे ते पाहून.

पावसाळ्यात घरी सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी करा, चाकाला ठोकळा लावा आणि हँडब्रेक मोकळा ठेवा. चढावर ही सूट नाही. पाण्यातून आल्यावर घरी पोचण्याआधीच्या शे-दोनशे मीटरमध्ये ब्रेक दोन-चारदा हलका दाबा, म्हणजे पॅड आणि ड्रम सुकून गाडी उभी राहते. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा चाकांच्या आतल्या बाजूला गोड्या पाण्याचा पाइप मारावा.

अलाइनमेंट

स्टिअरिंग सरळ आहे, गाडी एका बाजूला ओढत नाही, म्हणून अलाइनमेंट ठीक असे धरू नका. दोन्ही पुढची चाके सारखीच आत वळली असतील तर गाडी सरळच जाते, पण दोन्ही टायर प्रत्येक मीटरला थोडे आडवे घासत जातात. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले तर चाकांचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बिघडला आहे.

एरवी १०,००० किलोमीटरला एकदा पुरते. पण ऑगस्टमध्ये खड्ड्यात जोरात आदळलेल्या गाडीने तेवढे थांबू नये. चवथ आटोपली, पाऊस ओसरला की एकदा करून घ्यायची, त्याआधी केलेली पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते. अलाइनमेंटच्या आधी टाय-रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश तपासायला सांगा. सांधे ढिले असताना मशीनवर आणलेले हिरवे आकडे रस्त्यावर राहत नाहीत. आणि छापील कागद मागा, आधीचा आणि नंतरचा.

टायर बदलताना "थोडे रुंद टाकूया, गाडी चांगली दिसते" हा मोह अॅव्हरेजला महागात पडतो. रुंद टायर जड फिरतो, आणि व्यास बदलला तर किलोमीटरचा आकडाही चुकतो. मोठ्या व्यासाचा टायर टाकल्यावर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो, म्हणजे हिशोबात अॅव्हरेज आहे त्याहून वाईट दिसते.

इंजिन पुरेसे गरम होते का

गाडी गरम होते की नाही याची काळजी सगळे करतात, ती थंड राहते की काय हे कोणी पाहत नाही. पेट्रोल इंजिन साधारण ८५ ते ९५ अंशांवर काम करण्यासाठी बनवलेले असते. त्याखाली असेपर्यंत संगणक जास्त पेट्रोल सोडतो. ही पातळी सांभाळण्याचे काम थर्मोस्टॅट करतो: इंजिन थंड असताना रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि ठरलेल्या तापमानाला उघडतो.

तो उघडा अडकला तर इंजिन लवकर तापतच नाही. त्याहून वाईट म्हणजे आपल्याकडची जुनी गॅरेजी युक्ती: गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, "इथे गरमीच आहे, त्याची गरज नाही" असे सांगून. जुनी गाडी विकत घेतली असेल तर ही शंका जरूर घ्या. ओळख सोपी आहे. डॅशबोर्डवरचा निळा थर्मामीटरचा दिवा आपल्या हवेत चार-पाच मिनिटांत विझला पाहिजे. तो दहा-बारा मिनिटे राहत असेल, किंवा चोर्ला घाट उतरताना पुन्हा पेटत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा जागेवरच नाही. काटा असलेल्या गाडीत हमरस्त्यावर काटा मध्यापेक्षा बराच खाली राहतो.

काढलेला थर्मोस्टॅट तपासायचा तर पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन तापवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास, बहुतेकांत ८२ ते ८८, तो उघडू लागला पाहिजे; थंड पाण्यात फट दिसता कामा नये. बदलताना नवे गॅस्केट किंवा ओ-रिंग घ्या आणि कूलंट पुस्तिकेत दिलेलेच भरा. पाणी न मिसळलेले कूलंट (कॉन्सन्ट्रेट) असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मेनिम्मे. विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. भरल्यावर हवा काढणे महत्त्वाचे: हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटर फॅन दोनदा चालू होईपर्यंत इंजिन चालवा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

थर्मोस्टॅट धडधाकट असूनही इंजिन गार राहण्याचे दुसरे कारण म्हणजे आपली अंतरे. घर ते बाजार तीन किलोमीटर, बाजार ते शाळा दोन, मधे अर्धा-पाऊण तास उभी. अशा फेऱ्यांत गाडी सगळा वेळ थंडीतलेच जादा पेट्रोल पीत असते. त्याच गाडीने मडगाव-पणजी केले की अॅव्हरेज चार-पाचने वर जाते आणि मालकाला वाटते गाडीत बिघाड आहे. यावर दुरुस्ती नाही. जमेल तिथे कामे एका फेरीत जोडा, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवा. त्याने ऑइलमध्ये साचलेला ओलावाही उडतो. पावसात ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते ती याच ओलाव्याची. नुसती झाकणाखाली असेल तर घाबरू नका. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

सकाळी दारात उभी करून गाडी तापवत बसू नका. उभ्या इंजिनाला तापायला जास्त वेळ लागतो. सुरू करा, अर्धा मिनिट थांबा, हळू निघा. रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीसाठी रांगेत असाल तर इंजिन बंद करा: १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन नुसते उभे राहून तासाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त पेट्रोल जाळते, एसी चालू असेल तर आणखी.

तीन आकडे जे गाडी स्वतः सांगते

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते, गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्यासाठी. त्यात बसणारा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइलवरचे एखादे अॅप एवढ्यावर बरेच कळते. तीनच गोष्टी पाहा.

एक, कूलंटचे तापमान. वीस मिनिटांनी ८० च्या खाली असेल तर वरचा थर्मोस्टॅटचा भाग पुन्हा वाचा. पी०१२८ हा बिघाडाचा कोडही तेच सांगतो.

दोन, लाँग टर्म फ्युएल ट्रिम. संगणकाला मूळ हिशोबात किती टक्के पेट्रोल वाढवावे किंवा कमी करावे लागते ते. शून्याच्या आसपास, उणे पाच ते अधिक पाच, हे निरोगी. उणे दहाच्या खाली म्हणजे कुठूनतरी जास्त पेट्रोल जाते आहे: गळका इंजेक्टर, चुकीचे वाचन देणारा मॅप (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) सेन्सर, भिजलेला कॅनिस्टर. अधिक दहाच्या वर म्हणजे हवा चोरून आत येते आहे किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. इथे एक मेख आहे. ई-१० साठी, म्हणजे दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, जुळवलेल्या गाडीत वीस टक्क्यांचे ई-२० भरले की हा आकडा चार-पाच टक्के वर सरकणे अपेक्षितच आहे, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल जळायला हवेच्या मानाने जास्त लागते. त्याला बिघाड समजून सेन्सर बदलणारे गॅरेज टाळा.

तीन, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज. साध्या प्रकारच्या सेन्सरमध्ये गरम इंजिनावर तो ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत झपझप वर-खाली व्हायला हवा. रेंगाळत असेल किंवा एकाच जागी थांबला असेल तर सेन्सर म्हातारा झाला. पूर्ण बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर हा अॅव्हरेज एकदम कोसळवणाऱ्या मोजक्या बिघाडांपैकी एक आहे, आणि बॉनेटखालचा खर्च सत्कारणी लागतो तो अशाच ठिकाणी. इंजिनचा पिवळा दिवा पेटला असताना महिनोन् महिने गाडी चालवणाऱ्यांनी आधी कोड वाचून घ्यावा, बाकीचे नंतर.

फिल्टर, प्लग, ऑइल

एअर फिल्टर बदलून इंजेक्शनच्या गाडीचे अॅव्हरेज जवळजवळ वाढत नाही, पिकअप सुधारतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र फरक पडतो. तरीही डिचोली, उसगाव, सावर्डे या खाणींच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी फिल्टर दर ५,००० किलोमीटरला उघडून पाहावा, कारण ती बारीक तांबडी धूळ आत गेली तर सिलिंडर झिजतो आणि मग ऑइलही जळू लागते. कागदी फिल्टर झटकायचा असेल तर कमी दाबाच्या हवेने, आतल्या स्वच्छ बाजूकडून बाहेर. पंक्चरच्या दुकानातली पूर्ण दाबाची हवा कागदाला न दिसणारी भोके पाडते. पाणी लागलेला फिल्टर फेकून द्या. पावसात डबा उघडाल तेव्हा उंदराचे घरटे आहे का तेही बघा. नारळाच्या काथ्याचे आणि कागदाचे बोळे निघणे इथे नवल नाही, आणि उंदीर आला असेल तर जवळच्या वायरीही तपासा.

प्लग साधे असतील तर ३० ते ४० हजार किलोमीटर, इरिडियमचे एक लाखाच्या आसपास. नेमका आकडा पुस्तिकेत. गार इंजिनावर काढा. टोकाला फिकट तपकिरी किंवा करडा रंग चांगला, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा नुसत्या छोट्या फेऱ्या, ओला तेलकट प्लग म्हणजे ऑइल वर येते आहे. बसवताना आधी हातानेच चार-पाच आटे फिरवा. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये तिरका बसलेला प्लग म्हणजे हजारोंचे काम. इंजिनवर प्रेशरने पाणी मारून धुऊ नका. प्लगच्या खळग्यात पाणी साचते, कॉइल ठिणगी गळवते, मिसफायर होतो आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधून जाते.

ऑइलमध्ये ग्रेड महत्त्वाची. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असताना "जाड ऑइल टाका, इंजिन टिकेल" म्हणून १५डब्ल्यू-४० भरले तर एक-दोन टक्के अॅव्हरेज तिथेच जाते. पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये. वरच्या खुणेपलीकडे भरलेले ऑइल फिरत्या भागांना अडते. आणि कमी चालणाऱ्या गाडीने १०,००० किलोमीटरची वाट पाहू नये. वर्ष झाले की बदला, नुसत्या छोट्या फेऱ्या असतील तर सहा-आठ महिन्यांनी.

एसी आणि ओझे

इथे एसी वर्षातले बहुतेक महिने चालतो, म्हणून तो कमी कष्टात थंड करतो का हे पाहायचे. बंपरच्या जाळीतून कंडेन्सर दिसतो. त्याच्या पातळ पट्ट्यांत किडे, चिखल आणि मीठ बसते. बागेच्या पाइपने हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पट्ट्या आडव्या होतात. केबिन फिल्टर वर्षातून एकदा, आंब्याफणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत दोनदा. गॅस थोडा कमी असेल तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, पण नुसता गॅस भरून घेऊ नका. तो कुठून गेला ते शोधायला लावा. खाऱ्या हवेत कंडेन्सर आणि पाइपचे सांधेच आधी सुटतात.

छपरावरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवा, झुवारी पुलावरच्या वेगाला तो चांगलाच अडतो. डिकीतल्या पन्नास किलोला साधारण एक टक्का इंधन जास्त.

डिझेल असेल तर

बीएस-६ डिझेलमध्ये, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून स्वतःच जास्त डिझेल सोडते, आणि त्याला वीसएक मिनिटे सलग चाल लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत हे जाळणे दर वेळी अर्धवट सुटते, पुन्हा सुरू होते आणि डिझेल वाया जाते. डीपीएफचा दिवा दिसला तर इंजिन बंद न करता राष्ट्रीय महामार्ग ६६ वर साठच्या वर वेगाने एक फेरी मारा. डिझेल फिल्टरमधले पाणी पावसात महिन्यातून एकदा खालचा स्क्रू ढिला करून काढा. क्लच घसरतो का तेही पाहा: चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम उसळले आणि वेग मागेच राहिला तर क्लच प्लेट संपली. पेट्रोल गाडीलाही हीच चाचणी. पर्वरीच्या रांगेत क्लचवर पाय ठेवून सरकणाऱ्या गाड्यांत ती लवकर संपते.

सगळे करूनही आकडा हलला नाही तर

आधी ई-२० चा वाटा वजा करा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट धरली होती. १५ देणारी गाडी १४ वर आली आणि बाकी सगळे ठीक असेल तर ती घट पेट्रोलची आहे. जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरून ती भरून निघत नाही, पुस्तिकेत तशी मागणी नसेल तर ते पैसे वायाच.

मग पंप बदलून तीन टाक्या मोजा. फरक ठळक असेल तर पहिल्या पंपावर पाच लिटरचे माप मागा. ते पंपावर ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितल्यास दाखवावे लागते. माप आधी पेट्रोलने एकदा ओले करून रिकामे करायला सांगा, सपाट जागी ठेवा, मशीन शून्यावर आणून नेमके पाच लिटर सोडायला लावा आणि गळ्यावरची रेघ डोळ्यांच्या पातळीवर वाचा. २५ मिलिलिटरपर्यंतची तूट नियमात बसते. त्याहून जास्त असेल तर मशीनचा नंबर, तारीख आणि बिल घेऊन वजनमापे खात्याकडे लेखी तक्रार द्या.